प्रोपेलर शाफ्ट बदलताय? या चुका टाळा

मारुती जिप्सीच्या पोटाखाली तीन प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद चाकांकडे नेणारे फिरते दांडे, असतात. गिअरबॉक्सपासून ट्रान्सफर केसपर्यंत (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) एक आखूड, आणि तिथून पुढच्या-मागच्या डिफरेन्शियलला (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) एकेक. मागचा बदलायचा म्हणजे दोन फ्लँजचे (टोकांच्या जोडणीच्या चकत्यांचे) चार-चार बोल्ट, बस्स. काम सोपं दिसतं, म्हणूनच माणूस गाफील राहतो. मीही राहिलो.

नवा शाफ्ट आणला, ग्रीस भरायला स्लिप जॉइंट (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा सांधा) सोडवला आणि अंदाजाने परत घातला. गाडी 50 च्या पुढे गेली की सीटखाली पिठाची गिरणी सुरू! दोनदा चाकांचं बॅलन्सिंग केलं, पैसे गेले, थरथर तशीच. शेवटी कळलं, दोन्ही टोकांचे योक (क्रॉसला धरणारे दुबेळके) एका रेषेत नव्हते. क्रॉस, म्हणजे योकमधला अधिकच्या चिन्हासारखा सांधा, कोनात फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा वाढतो, दोनदा घटतो. हा चढउतार दुसऱ्या टोकाचा क्रॉस फेडतो, पण दोन्ही योक एका रेषेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे असतील तरच. त्यामुळे स्लिप जॉइंट सोडवण्याआधी दोन्ही भागांवर रंगाची रेघ मारा. फ्लँजवरही मारा. सस्पेन्शन बदलून गाडीची उंची वाढवून घेतली असेल तर कोन बदललेले असतात, तेही बघा.

आणखी एक, आणि हे जिवावर बेतणारं. मागचा शाफ्ट निघाला की गिअरमध्ये टाकलेली गाडीही मागच्या चाकांवर थांबत नाही. काही जुन्या गाड्यांत तर हँडब्रेकच ट्रान्सफर केसवर असतो, म्हणजे तोही गेला. खाली शिरण्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा.

क्रॉस नवा घालत असाल तर त्याच्या बेअरिंगच्या कपातली एखादी सुई (बारीक रोलर) आडवी पडते आणि सर्क्लिप (कप अडवून ठेवणारी कडी) खाचेत बसत नाही. तिथे हातोडा चालवू नका. कप काढा, सुया ग्रीसने चिकटवा, पुन्हा घाला. बोल्ट कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच हवेत, हार्डवेअरच्या दुकानातले साधे नकोत. ते टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायच्या पान्याने) आवळा.

तरीही त्रास राहिला तर? एकाच वेगाने वेगवेगळ्या गिअरमध्ये गाडी चालवून बघा. थरथर त्याच वेगाला येत असेल, इंजिनच्या आरपीएमबरोबर बदलत नसेल, तर संशय शाफ्ट आणि चाकांवरच. क्लच सोडताना 'टण्ण' आवाज आला तर सैल बोल्ट किंवा झिजलेला क्रॉस. हळू चालताना चुंई-चुंई म्हणजे सुया कोरड्या पडल्यात.

पुढच्या शाफ्टची चाचणी फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये) डांबरी रस्त्यावर मात्र घेऊ नका. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगातला फरक सोसणारा मधला डिफरेन्शियल जिप्सीला नाही, वळणावर सगळी यंत्रणा ताणली जाते. कच्चा रस्ता शोधा, आणि घरी परतल्यावर आठही बोल्ट एकदा पुन्हा तपासा.