कादंबरी, मालिका आणि सिनेमा शेजारी ठेवून कसे पाहावेत: ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ हाताशी धरून

पाऊस लागला की गोव्यात संध्याकाळचं बाहेर पडणं कमी होतं. चार-सहा वाचणाऱ्या माणसांनी मिळून एखादी अभिजात कादंबरी, तिच्यावरची मालिका आणि तिच्यावरचा सिनेमा असं तिन्ही नीट पाहायचं ठरवलं, तर हे दिवस त्याला उत्तम. इथे जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) घेतली आहे. तिच्यावरची बीबीसीची १९९५ची सहा भागांची मालिका आणि दिग्दर्शक जो राइटचा २००५चा सिनेमा, दोन्ही मन लावून केलेली कामं आहेत, आणि एकाच पुस्तकातून निघून दोन्ही निराळ्या ठिकाणी पोचतात. पद्धत मात्र कुठल्याही कादंबरीला चालेल.

तुलना म्हटली की बहुतेक जण ‘काय गाळलं’ याची यादी करायला बसतात. त्यात फार वेळ घालवू नका. कादंबरीची प्रकरणं ६१. मालिका साधारण साडेपाच तासांची, सिनेमा दोन तास सात मिनिटांचा. म्हणजे एका प्रकरणामागे मालिकेला सरासरी सव्वापाच मिनिटांहून थोडं जास्त मिळतं, सिनेमाला जेमतेम दोन. गाळणं अटळच आहे. विचारायचा प्रश्न दुसरा: कोणती गोष्ट कोणाला, केव्हा कळते? या कादंबरीचा सगळा डाव त्यावर उभा आहे. वाचक नायिका एलिझाबेथबरोबर चुकतो आणि तिच्याबरोबरच शहाणा होतो. पडद्यावर आणताना पटकथाकार त्या चुकण्याचं काय करतो, हे पाहायचं.

आधी पुस्तक. संपूर्ण आवृत्तीच घ्या. संक्षिप्त आवृत्तीवर ही तुलना उभी राहत नाही, कारण संक्षेप करणारा आधीच एक रूपांतर करून बसलेला असतो. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात किंवा गावच्या वाचनालयात चौकशी करा. मूळ इंग्रजीचे हक्क कधीच संपले आहेत, त्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर ती मोफत उतरवून घेता येते. कादंबरी मुळात तीन खंडांत निघाली आणि काही आवृत्त्या प्रत्येक खंडात प्रकरणं पुन्हा एकपासून मोजतात. गटात दोन तऱ्हेच्या प्रती असल्या की पहिल्याच बैठकीत गोंधळ होतो. हिशेब सोपा आहे: दुसऱ्या खंडातल्या प्रकरणात २३ मिळवा, तिसऱ्या खंडातल्या प्रकरणात ४२. दुसऱ्या खंडातलं अकरावं म्हणजे सलग चौतिसावं.

आठवड्याला पंधरा प्रकरणं धरली तर चार आठवड्यांत पुस्तक होतं, शेवटच्या आठवड्यात एक जास्त. त्यानंतर आधी सिनेमा, मग मालिका. उलट क्रम लावला तर साडेपाच तासांच्या संथ लयीची सवय लागते आणि सिनेमा उगाच घाईचा वाटू लागतो. दोन्हींमध्ये निदान आठवडा जाऊ द्या. मालिका एका बैठकीला एकच भाग अशी पाहा. ती १९९५मध्ये दर रविवारी एक भाग अशी दाखवली गेली होती, आणि प्रत्येक भाग कुठे थांबवायचा हा निर्णयही रूपांतराचाच भाग आहे. सलग पाहिलं की तो दिसतच नाही. आणि पावसात वीज जातेच, तेव्हा सिनेमा आणि भाग आधी उतरवून ठेवा, लॅपटॉप पूर्ण चार्ज असू द्या. महत्त्वाच्या प्रसंगाच्या मधोमध खंड पडला तर तो प्रसंग पहिल्यापासून पाहा.

पहिल्यांदा पाहताना काहीही लिहू नका. दुसऱ्यांदा फक्त पाच प्रसंग पाहायचे: तिसऱ्या प्रकरणातला मेरिटनचा नाच, बाविसाव्यातलं एलिझाबेथची मैत्रीण शार्लट हिचं लग्नाला होकार देणं, चौतिसाव्यातली श्रीमंत डार्सीने एलिझाबेथला घातलेली पहिली लग्नाची मागणी, पस्तीस-छत्तिसातलं त्याचं तिला आलेलं पत्र, आणि त्रेचाळिसाव्यातली पेम्बर्ली, म्हणजे डार्सीचं घर. हे पाच पुरे होतात. दहा घेतले की नोंदी पातळ होतात.

वहीचं पान आडवं धरून तीन रकाने पाडा: पुस्तक, मालिका, सिनेमा. प्रत्येक प्रसंगासाठी एक पान. प्रसंग किती मिनिटं चालतो ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजून लिहा. जागा कोणती, घरात की बाहेर, दिवस की रात्र. पुस्तकातला कोणता संवाद जसाच्या तसा आला, कोणता नवा लिहिला. आणि एक बोलत असताना कॅमेरा बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर आहे की ऐकणाऱ्याच्या. ही शेवटची नोंद सगळ्यांत कंटाळवाणी, पण सगळ्यांत जास्त हाती देणारी. कादंबरीत निवेदक ज्याच्या मनात शिरतो, पडद्यावर साधारण त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा रेंगाळतो. दृष्टिकोन शोधायला याहून पक्की खूण नाही.

या कादंबरीत दोन गुपितं आहेत, आणि बहुतेक तुलना ती एकात मिसळतात. एक, डार्सीला एलिझाबेथ आवडू लागली आहे. दुसरं, विकम हा देखणा लष्करी अधिकारी डार्सीबद्दल खोटं बोलतो आहे. पहिलं गुपित ऑस्टिन सहाव्या प्रकरणातच वाचकाला सांगून टाकते. ते एलिझाबेथला माहीत नसतं, आपल्याला असतं. दुसरं मात्र ती पस्तिसाव्या प्रकरणापर्यंत आपल्यापासूनही लपवते. म्हणून मालिकेत डार्सी खिडकीतून एलिझाबेथला कुत्र्याशी खेळताना पाहतो, किंवा तलवारबाजी करून मनातला विचार झटकू पाहतो, तेव्हा ‘हे पुस्तकात नाही’ एवढं म्हणून थांबू नका. प्रसंग नवे आहेत, पण ते पहिलंच गुपित उघडतात आणि त्याला पुस्तकाचा आधार आहे. सिनेमा तेच काम एका हाताने करतो: एलिझाबेथला गाडीत चढायला मदत केल्यावर डार्सीची बोटं क्षणभर ताणली जातात. शब्द एकही नाही. विकमच्या बाबतीत मात्र सिनेमा तोट्यात जातो. त्याला पडद्यावर इतका थोडा वेळ मिळतो की त्याच्यावर विश्वास बसायला अवधीच राहत नाही, आणि बसलाच नाही तो विश्वास मोडणार कसा? मालिका इथे कादंबरीच्या खूप जवळ आहे.

पहिल्या मागणीच्या प्रसंगाला सगळ्यांत जास्त वेळ द्या. पुस्तकात तो शार्लटचा नवरा, पाद्री कॉलिन्स, याच्या घरात संध्याकाळी घडतो. एलिझाबेथचं डोकं दुखत असतं, ती थोरली बहीण जेन हिची पत्रं पुन्हा वाचत बसलेली असते. डार्सी येतो, बसतो, उठतो, काही मिनिटं बोलतच नाही. आता एक बारीक गोष्ट तपासा. प्रेम जाहीर करणारी सुरुवातीची वाक्यं अवतरणात आहेत. पण तिचं घराणं कमी प्रतीचं, या नात्याने आपली मानहानी होईल, हे सगळं मागणी घालताना ऑस्टिन निवेदनात उरकते, त्याच्या तोंडी देत नाही. म्हणजे मागणी घालतानाच्या अपमानाचे नेमके शब्द पुस्तकात नाहीतच! ते अँड्र्यू डेव्हिसला मालिकेसाठी आणि डेबोरा मॉगकला सिनेमासाठी घडवावे लागले. ते शब्द दोन्हीकडून उतरवून घ्या आणि निवेदनाच्या परिच्छेदाशेजारी ठेवा. पटकथालेखनाचं कौशल्य इथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच.

मालिका हा प्रसंग घरातच ठेवते. सिनेमा तो बाहेर नेतो, धो धो पावसात, एका दगडी मंडपात. आपल्याकडे पाऊस म्हणजे सुटका, गारवा. तिथे पावसाने दोघांना एका छपराखाली कोंडून घातलं आहे, हे ध्यानात ठेवून पाहा. मिळतं ते असं की चेहरे जवळ येतात आणि राग अंगावर येतो. जातं ते असं की बैठकीच्या खोलीतली रीतभात नाहीशी होते, आणि रीतभात पाळून केलेल्या अपमानाला जी धार असते ती थोडी बोथट होते. सिनेमाचा प्रसंग जास्त थरारक आहे, मालिकेचा जास्त बोचतो. तुमचं मत वेगळं असू शकेल, पण ते कोणत्या चौकटीवरून झालं हे दाखवता आलं पाहिजे.

पत्राचा प्रसंग पडद्याला मुळातच अवघड. पस्तिसावं प्रकरण जवळजवळ सगळं पत्रच आहे, आणि छत्तिसाव्यात एलिझाबेथ ते पुन्हा पुन्हा वाचून स्वतःलाच ओळखते. मालिका पत्राबरोबर मागच्या घटना दाखवते: विकमचे तरुणपणीचे दिवस, डार्सीची धाकटी बहीण. त्यामुळे पत्रातला मजकूर निःसंशय खरा ठरतो. पण पुस्तकात एलिझाबेथपुढे चित्र नाही, फक्त एका माणसाचा शब्द आहे. तो खरा मानायचा की नाही हे तिला स्वतःच्या आठवणी तपासून ठरवावं लागतं. तिथे तिचं मोठेपण आहे. म्हणून पत्र वाचून झाल्यावर ती एकटी किती वेळ पडद्यावर आहे, ते वेगळं मोजा.

पेम्बर्लीत मालिकेचा तो गाजलेला तलाव येतो, ज्यात पोहून डार्सी ओल्या कपड्यांनी बाहेर येतो. पुस्तकात डार्सी पोहत नाही, भिजत नाही. तो तबेल्याच्या बाजूने येतो आणि हिरवळीवर अवचित समोर उभा राहतो. इंटरनेटवर तेवढाच तुकडा फिरत असल्यामुळे अनेकांना तो ऑस्टिनचाच वाटतो. तुकड्यांवरून कधीही तुलना करू नका. त्या दिवशी पुस्तकात जी गोष्ट घडते ती आत, तसबिरींच्या दालनात: एलिझाबेथ त्याच्या चित्रासमोर उभी राहते. सिनेमात चित्राऐवजी संगमरवरी पुतळे आहेत, आणि पुढे दाराच्या फटीतून ती त्याच्या बहिणीला पियानो वाजवताना पाहते. पुस्तकात बहीण दुसऱ्या दिवशी पोचते. हा बदल का केला असेल, यावर गटात वीस मिनिटं सहज जातात.

शार्लटचा प्रसंग लहान, पण गोव्यातल्या वाचकाने तो घाईने उलटू नये. एलिझाबेथच्या बेनेट कुटुंबाची मिळकत केवळ पुरुष वारसाकडे जाईल अशा बंधनात आहे, म्हणून ती मुलींना न मिळता नात्यातल्या कॉलिन्सला मिळणार. पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेल्या आपल्या वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी सारखेच वारस, आणि अर्धी मिळकत त्यांच्यासाठी राखीव. आईवडिलांना मृत्युपत्राने फक्त उरलेल्या अर्ध्याची व्यवस्था लावता येते. त्यामुळे मिसेस बेनेटची तगमग आपल्याला नुसती वेडगळ वाटण्याचा धोका जास्त. आकडे समोर ठेवा: बापाचं उत्पन्न वर्षाला २००० पौंड, पण आईच्या पश्चात प्रत्येक मुलीच्या नावावर चार टक्क्यांचे १००० पौंड, म्हणजे वर्षाला ४०. डार्सीचं उत्पन्न १०,०००. हे बंधन प्रत्येक रूपांतरात कोण समजावतं, किती वाक्यांत, आणि विनोद म्हणून की धास्ती म्हणून, ते लिहा. मग शार्लटकडे या. पुस्तकात ती शांतपणे म्हणते की तिला फक्त सुखाचं घर हवं. सिनेमात ती सत्तावीस वर्षांची, पैसा नाही, आईबापांवर ओझं, आणि आपण घाबरलो आहोत असं उघड सांगते. हा बदल आजच्या प्रेक्षकासाठी केलेला आहे आणि तो चांगला आहे.

काही चुका पुन्हा पुन्हा होतात. ‘एलिझाबेथ अशी दिसत नाही’ हे मत आपल्या मनातल्या चेहऱ्याबद्दल असतं, रूपांतराबद्दल नाही. ते एकदा बोलून मोकळं व्हावं आणि पुढे जावं. सिनेमातले कपडे ‘चुकीच्या काळातले’ म्हणणंही फसवं. कादंबरीचा पहिला खर्डा १७९६-९७चा, आणि सिनेमा मुद्दाम त्या काळात ठेवला आहे. पात्रं कमी केली तर त्यांचं काम कोणाकडे गेलं ते पाहा: सिनेमात डार्सीचा मित्र बिंग्ली याला एकच बहीण आहे, त्यामुळे सगळा खोचकपणा कॅरोलाइनच्या वाट्याला येतो आणि ती जास्त एकटी दिसते.

लिहायला बसाल तेव्हा कथानक सांगू नका. वाचणाऱ्याला ते माहीत आहे असं धरा. एक प्रसंग निवडा, तिन्ही रकाने वापरून दीड-दोन पानं लिहा, मग दुसरा. हजार ते बाराशे शब्दांत तीन प्रसंगांहून जास्त मावत नाहीत.

ज्यांना पुढे जायचं आहे त्यांनी गुरिंदर चढ्ढांचा २००४चा ‘ब्राइड अँड प्रेज्युडिस’ चौथा रकाना पाडून पाहावा. अमृतसरचं कुटुंब, परदेशी श्रीमंत नायक, आणि विकमची गाठ पडते ती आपल्याच गोव्याच्या किनाऱ्यावर. तिथे मिळकतीच्या बंधनाची जागा कशाने घेतली, हा एकच प्रश्न घेऊन पाहा.

शेवटच्या प्रसंगावर लिहिण्याआधी सगळ्यांनी एकच प्रत पाहिली आहे ना, याची खात्री करा. २००५च्या सिनेमाचे दोन शेवट आहेत. ब्रिटनमध्ये दाखवलेला मिस्टर बेनेटपाशी संपतो. अमेरिकेतल्या प्रतीत त्यानंतर पेम्बर्लीत रात्री नवराबायकोचा आणखी एक प्रसंग आहे. गटात अर्ध्यांनी एक आणि अर्ध्यांनी दुसरा पाहिला असेल तर वाद सिनेमावर होत नाही, दोन वेगळ्या प्रतींवर होतो.