किवीचं रोप आणण्याआधीची तयारी

किवीचा वेल लावायचं मनात आलं की पहिली चौकशी रोपवाटिकेत होते. खरं तर या झाडाच्या बाबतीत रोप विकत घेणं हे तयारीतलं जवळजवळ शेवटचं काम. आधी थंडी मोजायची, मग जोडी ठरवायची, मग मांडव आणि माती बघायची. ही उत्तरं मिळत जातात तशी जातींची लांबलचक यादी आखूड होते आणि शेवटी दोन-तीन नावंच हातात उरतात. एकदा रुजलेला किवीचा वेल कित्येक दशकं जगतो, तेव्हा निवडीत एक अख्खा हिवाळा गेला तरी बिघडत नाही.

सुरुवात थर्मामीटरपासून करा. किवीची पानं हिवाळ्यात गळतात, वेल सुप्तावस्थेत जातो, आणि पुरेशी थंडी सोसल्याशिवाय त्याचे डोळे, म्हणजे काडीवरचे सुप्त कोंब, नीट फुटत नाहीत. ही थंडी तासांत मोजतात: हिवाळाभरात तापमान साधारण ० ते ७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान किती तास राहिलं, त्याची बेरीज. बाजारात दिसणारी तपकिरी, लवदार किवी बहुतेक वेळा हेवर्ड जातीची असते आणि हेवर्डला असे ७०० ते १००० तास लागतात. ॲबट, ॲलिसन, ब्रुनो या जातींचं त्याहून कमी थंडीवर भागतं. व्हिन्सेंट ही जात तर मुद्दाम उबदार हिवाळ्याच्या भागांसाठी विकली जाते. कमाल-किमान तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर बागेत सावलीला टांगा आणि हिवाळाभर रोजचा आकडा वहीत उतरवा. जवळच्या हवामान केंद्राच्या तासागणिक नोंदी मिळत असतील तर तास थेट मोजता येतात. तरीही स्वतःच्या बागेतला आकडा हवाच, कारण उताराच्या तळाशी थंड हवा साचते आणि भिंतीलगत ऊब राहते. एकाच आवारात दोन कोपऱ्यांत काही अंशांचा फरक निघू शकतो.

हिवाळ्यात रात्रीचा पारा १२-१५ अंशांच्या खाली उतरतच नसेल, तर इथेच थांबावं असं मी मनापासून सांगेन. अशा हवेत किवी जगते, पानंही भरपूर येतात, पण फुलाची आशा फार थोडी. मांडवाची हौस असेल तर त्याच मांडवावर कृष्णफळाचा वेल लावा, तो उबदार हवेतलाच आहे. फुलत नसलेल्या वेलाची वर्षानुवर्षं चाकरी करण्यापेक्षा हे कितीतरी समाधानाचं.

थंडीची दुसरी बाजूही तपासायची आहे. सुप्तावस्थेतला पूर्ण वाढलेला लवदार किवीचा वेल साधारण उणे १२ अंशांपर्यंत तग धरतो. त्याहून कडाक्याची थंडी पडत असेल तर लहान, गुळगुळीत सालीच्या किवीकडे वळा. ॲक्टिनिडिया आर्ग्युटा हे तिचं शास्त्रीय नाव, काही ठिकाणी तिला किवी बेरी म्हणतात. ती उणे २५ अंश किंवा त्याहून थोडी जास्त थंडी सोसते, फळ द्राक्षापेक्षा जरासं मोठं असतं आणि सालीसकट खाता येतं. ॲक्टिनिडिया कोलोमिक्टा त्याहीपेक्षा काटक, उणे ३५ अंशांच्या आसपासही टिकणारी. मात्र हे आकडे झोपलेल्या वेलाचे आहेत. वसंतात फुटलेला कोवळा फुटवा उणे १-२ अंशांनीही करपतो आणि त्याच फुटव्यावर त्या वर्षीच्या कळ्या असतात. म्हणून तुमच्या भागात वसंतातलं शेवटचं दंव केव्हा पडतं आणि शरदातलं पहिलं केव्हा, या दोन तारखा लिहून ठेवा. मधले दिवस मोजा. लवदार किवीला फळ पक्व करायला सुमारे २२० ते २४० दंवमुक्त दिवस लागतात, आर्ग्युटाला १५० च्या आसपास पुरतात.

सोनेरी गराच्या किवीबद्दल बरेच जण विचारतात. चवीला ती गोड आणि कमी आंबट, पण तिचे डोळे लवदार किवीच्या आधी फुटतात, म्हणजे दंवाचा धोकाही आधी. शिवाय बाजारात गाजलेल्या काही सोनेरी जातींवर पैदासकाराचे, म्हणजे ती जात तयार करणाऱ्याचे, हक्क आहेत आणि त्यांची रोपं परवान्याशिवाय कोणाला विकता येत नाहीत. त्या प्रसिद्ध नावानं कोणी सुटं रोप देऊ करत असेल तर परवान्याचा कागद मागा. २०१० मध्ये न्यूझीलंडमध्ये पीएसए हा जिवाणूजन्य खोडरोग आला तेव्हा हॉर्ट१६ए या सोनेरी जातीच्या बागाच सर्वांत जास्त उद्ध्वस्त झाल्या. घरच्या बागेत पहिल्यांदाच किवी लावणाऱ्यानं हिरव्या गराच्या जातीपासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे.

आता जोडी. या यादीत सर्वांत जास्त वेळ इथे द्या, कारण फळ न येण्याची कारणं शोधत गेलं की फार वेळा उत्तर इथेच सापडतं. किवीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो. फळ मादीलाच लागतं, पण नराचे पराग मिळाल्याशिवाय नाही. बागायतीत सहा ते आठ माद्यांमागे एक नर ठेवतात. घरी एक नर आणि एक किंवा दोन माद्या पुरे. हेवर्ड मादी आहे. ॲबट, ब्रुनो, मॉन्टी याही माद्या. तोमुरी, मातुआ ही नरांची नावं. पानावरून किंवा खोडावरून नर-मादी ओळखता येत नाही, फूल येईपर्यंत चिठ्ठीवरच विसंबावं लागतं.

नुसता नर मिळून भागत नाही, दोघांची फुलं एकाच वेळी उमलली पाहिजेत. हेवर्ड उशिरा फुलते, तेव्हा तिला तोमुरीसारखा उशिरा फुलणारा नर लागतो. मातुआ लवकर फुलतो, तो ॲबटसारख्या लवकर येणाऱ्या मादीला जास्त जुळतो. आर्ग्युटा लवदार किवीच्या बरीच आधी फुलते, म्हणून आर्ग्युटाच्या मादीला आर्ग्युटाचाच नर घ्या. विक्रेत्याला नुसतं "नर आहे ना?" असं न विचारता "या मादीबरोबर फुलणारा नर कोणता?" असं विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर दुसरी रोपवाटिका गाठा. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. किवीच्या फुलात मध नसतो, मधमाश्या फक्त परागासाठी येतात आणि शेजारी जास्त मोहक काही फुललं असेल तर तिकडेच जातात. त्यामुळे दोन वेल जवळजवळ लावा. फुलं हाताला येतील अशा उंचीवर ठेवली तर नराचं ताजं फूल तोडून मादीच्या फुलांवर हलकेच फिरवता येतं. चांगल्या मोठ्या फळात हजाराच्या आसपास बिया असतात आणि बिया कमी धरल्या की फळ लहान राहतं, इतका परागांचा संबंध थेट आहे.

जागा खरोखरच एका वेलापुरती असेल तर एकट्यानं फळणाऱ्या जाती आहेत: लवदार प्रकारात जेनी, लहान फळांच्या प्रकारात इसाई. इसाई इतर आर्ग्युटांइतकी काटक नाही, पण वेल आटोपशीर राहतो, फळ लवकर धरतो आणि मोठ्या कुंडीत वाढवायचा झाला तर हाच वाढवावा. या दोघींनाही जवळ नर मिळाला तर फळ सुधारतं.

खाल्लेल्या किवीच्या बिया पेरून रोप करावं का? उगवतात त्या छान, मुलांना दाखवायला जरूर पेरा. बागेसाठी मात्र नको. १९०४ मध्ये इझाबेल फ्रेझर या शिक्षिकेनं चीनमधून न्यूझीलंडला किवीच्या बिया आणल्या, १९१० च्या सुमारास तिथे पहिली फळं धरली, आणि पुढे हेवर्ड राइट या रोपवाटिकाधारकानं अनेक बीजरोपांतून निवडलेल्या एका वेलाला नंतर त्याचंच नाव मिळालं. आजची प्रत्येक हेवर्ड त्या एका वेलाच्या काडीची वंशज आहे. तिच्या बीमधून हेवर्ड येत नाही, काहीतरी तिसरंच येतं. बीजरोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात, आणि ते कळायला पाच-सात वर्षं वाट पाहावी लागते.

मांडव रोपाच्या आधी उभा राहिला पाहिजे. वेल वाढला की बघू, असं किवीला चालत नाही. रुजलेला वेल एका हंगामात कित्येक मीटर धावतो, आणि पुढे चांगल्या वर्षी एका मादीवर ४०-५० किलो फळ धरू शकतं. त्यात ओल्या पानांचं वजन आणि वाऱ्याचा जोर मिळवा. काकडी-दोडक्याची जाळी याच्यापुढे टिकत नाही. इंग्रजी टी अक्षरासारखे खांब सोयीचे पडतात: जमिनीवर सुमारे १.८ मीटर उंच, निदान ६० सेंटीमीटर जमिनीत गाडलेले, आडवा दांडा दीड ते दोन मीटरचा आणि त्यावर ताणलेल्या तीन ते पाच जाड तारा. दोन वेलांत चार ते पाच मीटर अंतर धरा. घराच्या भिंतीवर, पन्हळीवर किंवा दुसऱ्या झाडावर हा वेल चढवू नका, तो आवळत जातो.

जागा उन्हाची हवी, दिवसाला सहा ते आठ तास. वाऱ्याचा आडोसा तितकाच महत्त्वाचा, कारण वसंतातले लांब कोवळे फुटवे जोराच्या वाऱ्यानं बुडापासून मोडतात.

मातीची परीक्षा सोपी आहे. हातभर खोल खड्डा खणा, पाण्यानं काठोकाठ भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच असेल तर तिथे किवी लावू नका, किंवा निदान गुडघाभर उंच गादीवाफा करा. किवीची मुळं मांसल असतात आणि साचलेल्या पाण्यात मूळकुजीनं वेल बघता बघता जातो. दुसरीकडे तिला तहानही सोसत नाही. मोठी पानं, उथळ मुळं, उन्हाळ्यात नियमित पाणी लागतंच. ते कुठून येणार हे आधी ठरवा, आणि पाणी खारं असेल तर हा बेत सोडा. मातीचा सामू (पीएच) ५.५ ते ७ च्या दरम्यान असावा. चुनखडीच्या जमिनीत पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. लावतानाच्या खड्ड्यात रासायनिक खत टाकू नका, कोवळी मुळं जळतात. चांगलं कुजलेलं शेणखत मातीत मिसळा आणि वरून पालापाचोळ्याचं आच्छादन द्या, खोडापासून चार बोटं दूर.

घरी किंवा शेजारी मांजर असेल तर तारेची जाळीही यादीत लिहा. या कुळातल्या वेलांच्या पानामुळांच्या वासानं मांजरं वेडावतात, कोवळं रोप उकरतात, चावतात, त्यावर लोळतात. पहिली दोन वर्षं रोपाभोवती जाळी ठेवा.

इतकं झालं की रोपवाटिकेत जा. कलमी किंवा छाटकलमाचं (तोडलेल्या काडीला मुळं फोडून केलेलं), एक-दोन वर्षांचं रोप बघा. उंचीपेक्षा खोडाची जाडी पाहा, निदान पेन्सिलीएवढी. साल नखानं किंचित खरवडली तर खाली हिरवं दिसलं पाहिजे. पिशवी हळूच काढून मुळं बघायची परवानगी मागा, ती गोल गोल गुंडाळलेली नकोत. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळं पोखरणारे सूक्ष्म जंत, आहेत, ते रोप बागेत आणूच नका. खोडावर ओघळ किंवा खोल डाग असलेलं रोपही सोडून द्या. कलमाचा जोड घट्ट भरलेला असावा आणि जोडाच्या खालून फुटवा येत नसावा, कारण तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या मूळ रोपाचा, भलत्याच जातीचा असतो. नर आणि मादी एकाच वेळी घ्या. दोघांच्या चिठ्ठ्यांवर जात आणि लिंग दोन्ही लिहिलेलं हवं. कागदी चिठ्ठी पावसात जाते, म्हणून घरी येताच धातूच्या पट्टीवर नाव कोरून ती मांडवाच्या तारेला बांधा. खोडाला बांधली तर खोड जाड होताना काचते.

लावणी हिवाळा सरता सरता, डोळे फुटायच्या आधी करावी. पानं आलेलं कुंडीतलं रोप असेल तर दंव टळल्यावर. लावल्यावर खोड दोन-तीन डोळ्यांवर छाटा, त्यातला जोमदार फुटवा ठेवा आणि तो काठीला मऊ सुतळीनं सरळ बांधत मांडवापर्यंत न्या. फुटवा काठीला विळखे घालू लागला तर सोडवून पुन्हा सरळ बांधा. हे एक सरळ खोड पुढे आयुष्यभर कामाला येतं.

छाटणी वर्षातून दोनदा करायची तुमची तयारी आहे का, हेही रोप घेण्याआधी स्वतःला विचारा. फळ येतं ते गेल्या वर्षीच्या काडीवर यंदा फुटलेल्या फुटव्यांवर, म्हणून हिवाळ्यात फळून गेलेल्या काड्या काढून नव्यांना जागा करावी लागते. ही छाटणी मोठी असते, दोन तृतीयांशांहून जास्त लाकूड निघतं. रस वर चढायच्या आत ती उरकायची, नाहीतर कापलेल्या जागेतून पाणी गळत राहतं. उन्हाळ्यात लांबलेले फुटवे आवरायचे. नराची मुख्य छाटणी मात्र फुलं ओसरल्यावर.

कलमी रोपाला पहिली फुलं साधारण तिसऱ्या ते पाचव्या वर्षी येतात. त्या वेळी चिठ्ठीवर विश्वास न ठेवता फूल हातात घेऊन बघा. मादीच्या फुलाच्या मध्यभागी पांढऱ्या तंतूंचं चक्र आणि त्याखाली इवल्या फळासारखा फुगीर भाग असतो. नरात नुसते पिवळे परागकोश आणि मध्यभागी जेमतेम एक खूण. दोन्ही वेल मादी निघाले तर उपटू नका. जुळत्या वेळी फुलणाऱ्या नराची काडी हिवाळ्यात मिळवा आणि एका वेलाच्या बाजूच्या फांदीवर तिचं कलम करा. त्या फांदीला रंग लावून खूण ठेवा, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात छाटताना ती चुकून कापली जाणार नाही.