चित्त मुळात निर्मळ आहे, मग रोज बसायचं कशाला? बौद्ध साधनेत या चुका टाळा

साधनेविषयी बोलणं निघालं की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक : "इतकी वर्षं बसतोय, पण मन काही शांत होत नाही. माझ्यात ते नसावंच." दुसरं : "बुद्धत्व सगळ्यांमध्ये मुळातच असतं म्हणतात ना? मग रोज डोळे मिटून बसण्याचा खटाटोप कशाला?" पहिला माणूस हिरमुसलेला असतो, दुसरा निर्धास्त. गोंधळ मात्र दोघांचा एकच आहे. चित्त मुळात निर्मळ असेल तर ते तसं जाणवलंच पाहिजे, असं दोघंही धरून चालतात. एकाला जाणवत नाही म्हणून तो खचतो. दुसऱ्याला अधूनमधून जाणवतं म्हणून तो बसणं सोडतो.

रोजच्या साधनेतल्या कितीतरी अडचणींची मुळं मला याच एका समजुतीत दिसतात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

"आहेच, तर मिळवायचं काय?"

अंगुत्तर निकाय या पाली सुत्तसंग्रहाच्या एकक निपात या भागात बुद्धांचं एक छोटंसं वचन आहे : "पभस्सरमिदं, भिक्खवे, चित्तं." हे चित्त प्रभास्वर, म्हणजे मुळात उजळ, आहे, बाहेरून आलेल्या मळांनी ते मळतं. हे वाक्य अनेकांना पाठ असतं, पण त्याच्या पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. तिथे म्हटलं आहे की ज्याने धम्म ऐकलेला नाही त्याला ही गोष्ट जशी आहे तशी कळत नाही, म्हणून त्याच्याकडून चित्तभावना, म्हणजे मनाची साधना, होत नाही. ज्याने ऐकला आहे त्याला ती कळते, म्हणून त्याच्याकडून चित्तभावना होते. चित्ताचा निर्मळपणा हे साधना करण्याचं कारण म्हणून सांगितलंय. आपण मात्र तेच साधना सोडायला वापरतो.

महायान या बौद्ध परंपरेत तथागतगर्भ (प्रत्येकात दडलेलं बुद्धत्व) सूत्राने हाच विषय नऊ दृष्टान्तांनी मांडला. त्यातला एक घाणीत पडलेल्या सोन्याचा आहे. वर्षानुवर्षं पडून राहिलं तरी सोन्याचं काही बिघडत नाही, पण ते तिथून काढून धुवावं लागतंच.

जपानचे झेन आचार्य दोगेन (1200–1253) तरुणपणी याच प्रश्नाने अस्वस्थ झाले होते : सगळ्यांमध्ये बुद्धस्वभाव आहे, तर सगळ्या बुद्धांनी इतकी साधना का केली? उत्तर शोधत ते 1223 साली चीनला गेले आणि 1227 मध्ये परतले. पुढे आयुष्यभर त्यांनी शिकवलं ते असं की साधना आणि बोधी (ज्ञानप्राप्ती) या दोन वेगळ्या गोष्टीच नाहीत. आधी साधना, मग कधीतरी बोधी, असा हिशेब त्यांनी मोडून टाकला. बसणं हेच त्या स्वभावाचं प्रकट होणं.

रोजच्या बैठकीत याचा उपयोग असा : "आज काहीतरी हाती लागलं पाहिजे" आणि "हाती लागण्यासारखं काही नाहीच" हे दोन्ही विचार आसनाबाहेर ठेवा. ठरलेली वेळ बसा. पंधरा मिनिटं ठरली असतील तर पंधराच, पण शांत वाटलं म्हणून बाराव्या मिनिटाला उठू नका आणि कंटाळा आला म्हणूनही उठू नका. स्वभावावरचा विश्वास मला तरी इथे, या तीन मिनिटांत दिसतो. छातीत काही भरून येण्याची त्याला गरज नसते.

एका छान बैठकीच्या मागे लागणं

एखाद्या दिवशी श्वास फार सूक्ष्म होतो, शरीर हलकं वाटतं, वेळ कसा गेला कळत नाही. दुसऱ्या दिवशी साधक श्वास पाहायला बसतच नाही, तो कालची बैठक शोधायला बसतो. ती मिळत नाही, मग चिडचिड, मग "आपलं काहीतरी चुकतंय". हे दुरुस्त करायला सोपं आहे, फक्त प्रामाणिकपणा लागतो. बसल्यावर स्वतःला विचारा, मी आत्ताचा श्वास पाहतोय की आठवणीतला? आत्ताचा श्वास खरखरीत, अर्धवट, घाईचा असेल तर तोच आजचा विषय. आनापानसतीच्या, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याच्या, उपदेशात सुरुवातच अशी आहे की लांब श्वास घेतला तर लांब म्हणून जाणावा, आखूड घेतला तर आखूड म्हणून. आखूड श्वास लांब करावा असं तिथे म्हटलेलं नाही.

मनाच्या ओढीला "आतला आवाज" म्हणणं

माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान ही चूक करते, कारण ती चूक वाटतच नाही. "माझं अंतर्मन सांगतंय" असं म्हटलं की चर्चा संपते. राग, मोह, जुना डंख, कुणाचं तरी कौतुक मिळवण्याची धडपड, यातलं काहीही त्या नावाखाली खपून जातं.

याला आधार म्हणून कालाम लोकांना बुद्धांनी केलेल्या उपदेशाचा, कालाम सुत्ताचा, दाखला दिला जातो : बुद्धांनीच सांगितलंय, कुणाचं ऐकू नका, स्वतःला पटेल ते करा. हे अर्धवट वाचन आहे. केवळ परंपरा, ऐकीव गोष्ट किंवा ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका हे तिथे आहेच. पण नुसत्या तर्कावर विसंबू नका आणि आपल्या आधीपासूनच्या मताशी जुळतं म्हणूनही स्वीकारू नका, हेही त्याच यादीत आहे. म्हणजे "मला पटलं" एवढं पुरत नाही. कसोटी दिली आहे ती परिणामांची : ही गोष्ट अमलात आणली तर अहित आणि दुःख होतं की हित आणि सुख? आणि तिच्यासोबत आणखी एक प्रश्न : समंजस माणसं हिची निंदा करतात की प्रशंसा?

ही कसोटी रोज कशी लावायची ते बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलला, अंबलट्ठिका या ठिकाणी समजावलं. आरसा कशासाठी असतो, असं त्यांनी विचारलं. राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तसंच काया, वाचा आणि मनाचं प्रत्येक कर्म पाहून पाहून करावं, असं त्यांनी सांगितलं. करण्याआधी, करत असताना आणि करून झाल्यावर, तिन्ही वेळा एकच प्रश्न : याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही त्रास होतो का?

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? रात्रीची वेळ आहे. भावाचा एक टोचणारा मेसेज आलाय. तुम्ही उत्तर टाइप केलंय, चार ओळी, प्रत्येक शब्द खरा. आतून येतंय, "खरं बोलायला कसली भीती? पाठव." त्या क्षणी नजर मोबाईलवरून काढून शरीराकडे न्या. जबडा आवळलाय का? श्वास वरच्या वर चाललाय का? पाठवल्यानंतर त्याचा चेहरा कसा होईल हे डोळ्यांसमोर आणताना थोडी गंमत वाटतेय का? ती गंमत हीच मोठी खूण. जो आवाज दुसऱ्याच्या वेदनेची वाट पाहतो, तो कितीही आतून आलेला असला तरी निर्मळ चित्ताचा नाही. मेसेज ठेवून द्या, सकाळी बसून उठल्यावर वाचा. कदाचित त्यातली एक ओळ तरीही पाठवावीशी वाटेल. ती पाठवा.

आणि पाठवून चूक झालीच तर? राहुलला सांगितलेला उपायही तितकाच साधा आहे. वाणीने किंवा कायेने चूक घडली तर ती शास्त्यापुढे (गुरूपुढे) किंवा जाणत्या सहकाऱ्यापुढे उघड करावी आणि पुढे संयम ठेवावा. स्वतःला कोसत बसायला सांगितलेलं नाही.

स्वभावाला आत्मा समजणं

आपल्या कानांवर आत्म्याची भाषा लहानपणापासून पडलेली असते. त्यामुळे "मूळ स्वभाव" म्हटलं की आत कुठेतरी बसलेला, न बदलणारा, शुद्ध असा "मी" डोळ्यांसमोर येतो. मग साधना त्या "मी"ला शोधण्याची मोहीम होते आणि थोडी प्रगती झाली की "माझं बुद्धत्व" असा नवा अहंकार तयार होतो. बुद्धांची अनात्म शिकवण, म्हणजे न बदलणारा असा "मी" कुठेच नाही ही शिकवण, इथेच आडवी येते, आणि ती यावीच. तथागतगर्भ मांडणाऱ्या लंकावतार सूत्रातही हा इशारा आहे की तथागतगर्भ म्हणजे इतरांनी सांगितलेला आत्मा नव्हे. साधकाने एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे : राग आला, तो पाहिला, तो ओसरला. पाहणं घडलं. त्यामागे मालक शोधण्याची गरज नाही.

विचारांशी मारामारी

नवशिके आणि जुने, दोघंही इथे अडकतात. श्वासावर बसलात. कधीतरी लक्षात येतं की आपण उद्याच्या मिटिंगमध्ये काय बोलायचं ते जुळवतोय. हा लक्षात येण्याचा क्षण नीट पाहा. त्याच्या पाठोपाठ एक झटका बसतो : भुवया आखडतात, खांदे वर चढतात, मनात "परत!" असा शब्द उमटतो आणि लक्ष ओढून श्वासावर आपटलं जातं. दहा मिनिटांत असं कितीतरी वेळा घडतं आणि उठताना माणूस थकलेला असतो.

मनाने भटकणं इथे बिघाड नाहीच. बिघाड त्या झटक्यात आहे. भटकल्याचं लक्षात आलं याचा अर्थ स्मृती (सजगता) जागी झाली, म्हणजे बसण्याचा हेतू त्याच क्षणी साधला होता. त्यावर आपण लगेच स्वतःला शिक्षा करतो. उपाय असा करून बघा : लक्षात आलं की श्वासाकडे धावू नका. आधी एक उच्छ्वास पूर्ण होऊ द्या, खांदे खाली येऊ द्या, मग पुढचा श्वास आत येताना त्याच्यासोबत या.

तरीही एखादा विचार चिकटून राहिला तर विचार शांत करण्यावरच्या वितक्कसण्ठान सुत्तात पाच उपाय क्रमाने दिलेले आहेत. पहिला, मन दुसऱ्या कुशल विषयाकडे वळवणं. द्वेषाचा विचार असेल तर मैत्रीकडे. दुसरा, त्या विचाराचा तोटा पाहणं. तिसरा, त्याच्याकडे लक्षच न देणं. चौथा, तो विचार उभा करणारी घडण हळूहळू शांत करत जाणं. पाचवा, दातावर दात आवळून मनाने मनाला दाबणं. हा पाचवा उपाय शेवटचा आहे, आधीचे चारही फसल्यावरचा. आपण नेमकी सुरुवात त्याने करतो.

झोप येते म्हणून साधना जमत नाही असं ठरवणं

महामोग्गल्लान हे बुद्धांच्या दोन अग्रश्रावकांपैकी (प्रमुख शिष्यांपैकी) एक. त्यांनाही साधनेत डुलक्या येत होत्या, आणि बुद्धांनी त्यांना दिलेला सल्ला फार व्यावहारिक आहे. ज्या विषयावर मन असताना झोप येते तो विषय सोडा. मग धम्माचं चिंतन करा, पाठ म्हणा, कान ओढा, हातपाय चोळा, उठून डोळ्यांना पाणी लावा, आकाशाकडे पाहा, मनात उजेडाची भावना आणा, चंक्रमण करा (सावकाश येरझाऱ्या घाला). एवढं करूनही झोप आलीच तर उजव्या कुशीवर पडा आणि जाग येताच उठा. झोपणं हा शेवटचा उपाय आहे, पण तो यादीत आहे. रात्री पुरेशी झोप झाली नसेल तर मात्र आधी ती पुरी करा. हे दुखणं धम्माच्या कक्षेतलं नाही.

ताण आणि खंड

सोण कोळिविस हा भिक्खू चंक्रमण करत इतकं चालला की पायांतून रक्त आलं, आणि तरी हाती काही लागेना म्हणून घरी परतायचा विचार करू लागला. तो पूर्वी वीणा वाजवायचा. बुद्धांनी विचारलं, तारा अति ताणलेल्या असताना वीणा नीट वाजायची का? अति सैल असताना? ही गोष्ट लोक मध्यम मार्गाचं उदाहरण म्हणून ऐकतात आणि सोडून देतात. मला त्यात रोजची कृती दिसते. तार एकदा जुळवली की कायमची जुळत नाही, दर वेळी वाजवण्याआधी कान लावावा लागतो.

चार दिवस खंड पडला तर पाचव्या दिवशी दुप्पट बसू नका. भरपाईची बैठक सहसा ताणाची होते आणि सहाव्या दिवशी पुन्हा टाळाटाळ सुरू होते. नेहमीच्याच वेळी, नेहमीइतकंच बसा. फार जड वाटलं तर त्रिसरण आणि पंचशील म्हणा, दहा श्वास पाहा आणि उठा. पंचशील नुसतं म्हणण्यापुरतं राहिलं असेल तर तिथेही बघा. दिवसभर खोटं बोलून संध्याकाळी मन स्थिर होत नाही यात नवल काय? अनेकदा बैठकीची तक्रार मुळात शीलाची असते, आणि ते कितीही श्वास मोजून सुटत नाही.

सगळं एकट्याने निभावणं

बुद्धांचा शिष्य आनंद एकदा त्यांना म्हणाला, कल्याणमित्र (धम्माच्या वाटेवरचा भला सोबती) मिळणं म्हणजे अर्धं ब्रह्मचर्य, म्हणजे अर्धं साधनेचं जीवन. बुद्ध म्हणाले, असं म्हणू नकोस, ते संपूर्ण ब्रह्मचर्य आहे. स्वभावावर विश्वास ठेवणाऱ्याला तर कल्याणमित्र जास्तच हवा, कारण आपली ओढ आणि आपली निर्मळता यांतला फरक दुसऱ्याच्या डोळ्यांना लवकर दिसतो.

बसल्यावर जुन्या आघाताच्या आठवणी उसळून येत असतील, भीती दिवसभर मागे राहत असेल, झोप उडाली असेल किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर बसण्याचा वेळ वाढवू नका. बैठक थांबवा किंवा अगदी कमी करा, चालण्यावर आणि रोजच्या कामांवर लक्ष ठेवा, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी. साधनेच्या शिक्षकांनाही भेटा आणि त्यांना मोघम "मन अस्वस्थ आहे" एवढंच सांगू नका. रोज किती वेळ आणि कोणत्या पद्धतीने बसता, त्रास बसताना होतो की उठल्यावर, शरीरात कुठे काय जाणवतं, झोप आणि भूक कशी आहे, कोणती औषधं चालू आहेत, हे लिहून न्या.