एन्ड्युरन्स शर्यतीच्या गाडीसाठी टायर आणि रिमचे माप कसे ठरवावे

हौशी संघांची पहिली चूक ट्रॅकवर नव्हे, दुकानात होते. देखणी अलॉय सवलतीत मिळते, ती घेतली जाते आणि मग तिच्यावर बसेल असा टायर शोधत फिरणे सुरू होते. सहा-आठ तासांच्या शर्यतीत हा क्रम उलटा हवा: आधी नियम, मग टायर, मग त्या टायरला शोभेल ती रिम. इथे एक वेगवान फेरी मारून काही मिळत नाही. पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या दुरुस्ती-इंधनाच्या थांब्यात) घालवलेले चार मिनिट भरून काढायला कित्येक फेऱ्या जातात, म्हणून कमी वेळा बदलावा लागणारा टायर हाच वेगवान टायर.

सांगली-साताऱ्याकडच्या संघाला आणखी एक अडचण आहे. मोठे ट्रॅक दूर आहेत. सांगलीहून बेळगाव, बंगळूरमार्गे चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक गाठायला हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो. कोइंबतूरही जवळ नाही. तिथे शनिवारी संध्याकाळी रिम वाकली तर तिच्या जोडीची रिम मिळेल या भरवशावर राहू नये. त्यामुळे चारही चाकांना एकच माप, आणि ते माप सहज मिळणारे, ही अट आधीच घालून घ्यावी.

पायरी १: नियमपुस्तक

चार गोष्टी शोधा: टायरची कमाल रुंदी, रिमची कमाल रुंदी, ट्रेडवेअरची अट, आणि शर्यतीत किती टायर वापरता येतात. ट्रेडवेअर म्हणजे टायरच्या कडेवर छापलेला झिजेचा तुलनात्मक आकडा. जितका मोठा तितके रबर कडक आणि टिकाऊ. अमेरिकेतल्या ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’ या स्वस्त गाड्यांच्या मालिकेत तो किमान १९० असावा लागतो. आपल्याकडे तुमच्या वर्गाची अट काय आहे ते आयोजकांच्या पत्रकात पाहा. भारतात विकल्या जाणाऱ्या सगळ्याच टायरवर हा आकडा छापलेला नसतो. तसा टायर चालतो का, हे तपासणीच्या दिवशी नव्हे, आधी लेखी विचारून घ्या. कंपन्या हा आकडा आपापल्या चाचणीवरून देतात, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे २०० सारखेच झिजतील असे समजू नका.

पायरी २: व्यासाचा हिशेब

उदाहरणाला २०११ नंतरच्या पिढीची पेट्रोल स्विफ्ट घेऊ. तिला व्हेरियंटप्रमाणे १६५/८० आर १४ किंवा १८५/६५ आर १५ टायर येत. १८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या टक्क्यांत कडेची उंची, १५ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. पूर्ण व्यास काढायचा तर:

१८५ × ०.६५ × २ = २४०.५
१५ × २५.४ = ३८१
बेरीज ६२१.५ मिमी

१६५/८० आर १४ चा व्यास ६१९.६ येतो, म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखे. आता पर्याय मांडू:

१८५/६० आर १५: ६०३ मिमी
१९५/५५ आर १५: ५९५.५ मिमी
१९५/५० आर १५: ५७६ मिमी
१९५/५५ आर १६: ६२०.९ मिमी

१९५/५० आर १५ मूळ चौदा इंची चाकापेक्षा सात टक्के लहान आहे. मूळ चाक किलोमीटरला कागदावर ५१४ फेरे घेते, हे ५५३ घेईल. वळणातून बाहेर पडताना गाडी चटकन उचलते आणि २२ मिमी खाली बसते, म्हणून हे माप मोहात पाडते. पण चौथ्या गिअरमध्ये लाल रेघेला (इंजिनाच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला) १५० किमीचा वेग मिळत असेल तर तो आता १४० च्या आत येईल. लांब सरळ रस्त्यावर इंजिन लाल रेघेवर अडकून पडते किंवा पाचवा गिअर टाकावा लागतो, आणि त्यात छोट्या इंजिनाची दमछाक होते. शिवाय इंजिन तासन्‌तास जास्त फेऱ्यांवर राहिले की तेल तापते आणि पेट्रोलही जास्त लागते. एका टाकीत दोन तास काढायचे ठरवले असेल तर हा फरक थेट पिट थांब्यांच्या संख्येवर येतो. छोट्या, वळणावळणाच्या ट्रॅकला ५७६ चालून जाईल. सरळ लांब असेल तिथे ५९५ ते ६०५ मध्ये राहावे.

सोळा इंची पर्यायाचा व्यास अगदी जुळतो आणि ते माप बाजारात भरपूर आहे. तरीही पंधरा इंची रिमच्या आत ब्रेक कॅलिपर (ब्रेकची डिस्क चिमटीत धरणारा भाग) बसत असेल तर सोळाकडे जाऊ नये. रिम जड होते, महाग होते, आणि वजन चाकाच्या परिघाकडे सरकते.

पायरी ३: रुंदी, आणि रुंदीचा हव्यास

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हे अर्धेच खरे. हलकी गाडी आणि ८०-८५ अश्वशक्ती असेल तर २०५ किंवा २१५ चा टायर नीट तापतच नाही. थंड टायर घसरतो, घसरून वरचेवर खरडला जातो, आणि वर त्याचे वजन व हवेचा अडथळा सोसावा लागतो. हजार किलोच्या आतल्या हॅचबॅकला १८५ किंवा १९५ पुरे.

हवी ती रुंदी हव्या त्या रिमवर बसत नाही. १८५/६० आर १५ साठी ५ ते ६.५ इंच, १९५/५० आणि १९५/५५ आर १५ साठी ५.५ ते ७ इंच रुंदीची रिम चालते. शर्यतीसाठी या पट्ट्यातला वरचा अर्धा भाग घ्या. १९५ चा टायर ५.५ च्या रिमवर लावला की त्याची कड फुग्यासारखी बाहेर येते, वळणात टायर कडेवर झोपतो आणि बाहेरचा खांदा (नक्षी आणि कड मिळतात तो भाग) एका दिवसात गुळगुळीत होतो. तोच टायर ६.५ वर ताठ उभा राहतो. रिमची रुंदी आतल्या दोन बैठकांमधली मोजतात. बाहेरून टेप लावला तर साधारण एक इंच जास्त भरते, आणि जुन्या बाजारात घेताना इथेच फसगत होते.

या गाडीसाठी आमची निवड ६.५ इंची रिमवर १९५/५५ आर १५. त्याची कड १०७ मिमी उंच असते. ट्रॅकच्या कडेच्या ठोकळ्यांवरून चाक गेले की एवढी उंची रिमला वाचवते. मात्र हे माप प्रत्येक दुकानात नसते. शर्यतीच्या दीड-दोन महिने आधी सांगून मागवा आणि सगळे एकाच तुकडीतले घ्या. कडेवरच्या चौकटीतले चार आकडे पाहा: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. मागणी पूर्ण होत नसेल तर १८५/६० आर १५ वर समाधान मानावे, त्यात फार काही बिघडत नाही.

पायरी ४: रिम

इथे घाई केली तर चाक निघून जाते, हे अतिशयोक्तीने म्हणत नाही.

पीसीडी म्हणजे नटांच्या छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास. चार छिद्रे असतील तर समोरासमोरच्या दोन छिद्रांच्या केंद्रांतले अंतर मोजा. पाच असतील तर शेजारच्या दोन केंद्रांतले अंतर ०.५८८ ने भागा. स्विफ्ट आणि होंडा सिटीला ४×१०० (चार छिद्रे, १०० मिमी), पोलोला ५×१००, जुन्या फियाट पॅलिओला ४×९८. ४×९८ ची रिम ४×१०० च्या हबवर (चाक ज्यावर बसते त्या भागावर) ओढूनताणून बसल्यासारखी वाटते. ती बसलेली नसते. नट तिरके आवळले जातात आणि तासाभरात सैल होतात.

मधले छिद्र. स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिमी आहे, तर बाजारातल्या अलॉयचे छिद्र बहुधा ७३ मिमीच्या आसपास असते. मधली फट भरायला प्लॅस्टिकची रिंग देतात. ब्रेकच्या उष्णतेने ती वितळते. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत लेथवर ॲल्युमिनियमच्या चार रिंगा काढून घ्या. हब आणि छिद्र दोन्ही व्हर्नियरने मोजून द्या, ‘स्विफ्टची रिंग’ एवढेच सांगू नका.

नट. सुझुकीचे स्टड (नट ज्यावर आवळतात ते दांडे) एम१२ × १.२५, म्हणजे १२ मिमी जाड आणि आट्यांतले अंतर १.२५ मिमी; होंडाचे एम१२ × १.५. बाहेरच्या अलॉयला बहुधा ६० अंशांचा शंकूच्या टोकाचा नट लागतो, होंडाच्या मूळ चाकांना गोल बुडाचा. बूड जुळले नाही तर नट टेकतो फक्त एका रेघेवर. नट हाताने फिरवून आटे मोजा: १.२५ ला किमान दहा, १.५ ला आठ.

ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबच्या बैठकीचे मिलिमीटरमधले अंतर. समजा मूळ रिम ५.५ इंची आणि ऑफसेट ४५ आहे. नवी ६.५ इंची, त्याच ४५ ची घेतली तर आत आणि बाहेर प्रत्येकी १२.७ मिमी वाढते. ३८ ऑफसेट घेतला तर आत ५.७ आणि बाहेर १९.७. आत जागा कमी असते कारण तिथे स्ट्रट (स्प्रिंगसह धक्के झेलणारा दांडा) आहे, म्हणून थोडा कमी ऑफसेट सोयीचा. पण फार कमी केला तर बेअरिंगवरचा ताण वाढतो, स्टिअरिंग हातात झटके देते आणि टायर मडगार्डला घासतो. मूळ आकड्यापासून सात-आठ मिमीपेक्षा दूर जाऊ नका. हा हिशेब रिमचा झाला. टायरचे पोट त्याहून बाहेर असते. १९५/५५ चे पोट ६ इंची रिमवर सुमारे २०१ मिमी भरते, आणि रिम अर्ध्या इंचाने वाढली की आणखी ५ मिमी.

जुनी अलॉय घेत असाल तर वेल्डिंग केलेली नको, कितीही स्वस्त असली तरी. आतल्या बाजूने रंग खरवडून तडे बघा आणि बॅलन्सिंग मशिनवर फिरवून घ्या. प्रत्येक रिम काट्यावर ठेवा; एकाच मापाच्या दोन रिमांमध्ये दोन किलोचा फरक सहज निघतो.

पायरी ५: बसवून पाहणे

चार टायर-रिम एकदम घेऊ नका. आधी एक जोडी मागून आणा.

कॅलिपर आणि रिममधली फट पाहायला कणकेचा गोळा चिकटवा, चाक लावून हाताने एक फेरा द्या, मग चाक काढून दबलेल्या कणकेची जाडी मोजा. ३ मिमीपेक्षा कमी असेल तर ती रिम नको. मग पुढच्या स्ट्रटमधली स्प्रिंग काढून स्ट्रट परत बसवा आणि जॅकने चाक पूर्ण वर ढकला, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. टायर आणि स्ट्रटमध्ये ५-६ मिमी तरी हवेत. उभ्या गाडीला मोकळे दिसणारे चाक दाबाखाली मडगार्डची कड कापते, आणि ती कड टायर कापते.

याची चाचणी यवतेश्वर किंवा पसरणी घाटात घ्यायचा मोह आवरावा. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची शर्यत वा चाचणी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि घाटात टायर ट्रॅकसारखा तापतही नाही.

पायरी ६: सरावात मापाची परीक्षा

हवेपासून सुरुवात करा. थंड असताना २७ पीएसआय, आणि गरम झाल्यावर ३२ ते ३४ मध्ये येईल असे बघा. टायरचे तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण दीड पीएसआय वाढतो. साताऱ्यात भरून नेलेला दाब चेन्नईत तसाच दाखवला जाईल असे नाही: सातारा सुमारे सातशे मीटर उंचावर आहे, समुद्रसपाटीला तीच हवा मीटरवर साधारण एक पीएसआयने कमी दिसते, आणि दुपारचे ऊन तो पुन्हा वाढवते. दाब ट्रॅकवरच, सावलीत ठरवा.

टायरच्या खांद्यावर शाळेच्या खडूने आडव्या रेघा ओढा. पाच फेऱ्यांनंतर कडेवरच्या छोट्या त्रिकोणी खुणेच्या खालपर्यंत खडू पुसला असेल तर टायर लोळतो आहे: दाब वाढवा. तरी थांबत नसेल तर रिम अरुंद आहे. खांदा कोराच राहिला तर दाब जास्त झाला.

मग टोचणीच्या थर्मामीटरने आत, मध्ये, बाहेर असे तीन ठिकाणी तापमान घ्या, पिटमध्ये आल्या आल्या. मध्य तापलेला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा तापलेल्या असतील तर कमी. बाहेरची कड आतल्यापेक्षा गरम असेल तर कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकण्याचा कोन) वाढवायला हवा. हे रुंदीने सुटणारे दुखणे नाही.

शेवटी झीज. दर तासाला नक्षीची खोली मोजून लिहा. घड्याळाच्या दिशेने धावणाऱ्या ट्रॅकवर, म्हणजे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटसारख्या ठिकाणी, पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीचा पुढचा डावा टायर सगळ्यांत आधी जातो. समजा नक्षी ७ मिमी आहे, २ वर थांबायचे ठरवले आणि तासाला ०.६ मिमी जाते, तर आठ तास निघतात. ०.९ जात असेल तर साडेपाच. मग एक बदल धरूनच गणित मांडा, किंवा मागचा डावा पुढे आणायची वेळ ठरवून ठेवा. चारही चाके एकाच मापाची ठेवण्याचा फायदा इथे दिसतो. फक्त टायर एका दिशेचे असतील तर डावे-उजवे बदलता येत नाहीत. पूर्ण नव्या, खोल नक्षीच्या टायरचे ठोकळे कोरड्या ट्रॅकवर डुलतात, तापतात आणि तुकडे पडतात. ते पावसासाठी राखा. कोरड्यासाठी ५-६ मिमीवर आलेले उत्तम.

प्रत्येक चाकबदलानंतर नट टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला, समोरासमोरच्या क्रमाने आवळा. होंडा सिटीला तो १०८ न्यूटन मीटर, पोलोच्या बोल्टला १२०. पहिल्या पिट थांब्यात सगळे नट पुन्हा तपासा, कारण नव्या अलॉयचा रंग दबला की ते हमखास थोडे सैल पडतात. ट्रकमध्ये दोन तयार सुटी चाके, आठ सुटे नट, चार सुटे स्टड आणि रिंगांचा एक जादा संच घ्या, आणि त्या सुट्या चाकांची हवाही निघण्याआधी नव्हे, तिथे पोहोचल्यावर बघा.