महालक्ष्मी असो की पुणे: रेसला जाताना या चुका टाळा

घोड्यांच्या रेसला पहिल्यांदा आलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. हातात रेसचं पुस्तक नसतं, शर्यत सुटायला दोन मिनिटं उरलेली असतात आणि पैसे लावायच्या खिडकीच्या रांगेत तो शेजाऱ्याला विचारत असतो, "काका, कुठला लावू?" काका एक नंबर सांगून मोकळे होतात. काकांनी स्वतः तोच घोडा लावलेला असतो, असं मात्र नाही.

थोडा हिशेब करू. १२०० मीटरची शर्यत साधारण सत्तर-बहात्तर सेकंदांत संपते. दिवसाला आठ शर्यती धरल्या तरी घोडे प्रत्यक्ष पळताना दिसतात ते जेमतेम दहा-बारा मिनिटं. बाकीची दुपार म्हणजे दोन शर्यतींमधला अर्ध्या-अर्ध्या तासाचा वेळ. नवख्यांच्या बहुतेक चुका या अर्ध्या तासात होतात. काही तर घरातून निघण्याआधीच होऊन गेलेल्या असतात.

चुकीच्या दिवशी जाणं

मुंबईचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा पावसाळ्यात, जुलैपासून ऑक्टोबरच्या आसपासपर्यंत. दोन्ही मैदानं रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच चालवतो, त्यामुळे घोडे, ट्रेनर, जॉकी ही सगळी मंडळी ऋतूप्रमाणे घाट चढतात आणि उतरतात. ऑगस्टमध्ये महालक्ष्मीला गेलात तर फेऱ्या मारणारे मॉर्निंग वॉकवालेच भेटतील.

याहून फसवी भानगड आहे ती इंटरव्हेन्यूची. 'आज रेस आहे' एवढंच ऐकून लोक निघतात. पोहोचल्यावर कळतं की रेस बंगळुरूला किंवा हैदराबादला आहे आणि इथे फक्त पडदे आणि खिडक्या चालू आहेत. घोडा बघायला आलेल्याचा दिवस फुकट जातो. वेळापत्रकात तारखेबरोबर गावाचं नावही वाचा.

दुसरी हौस म्हणजे पहिलीच रेस डर्बीची बघणं. इंडियन डर्बी १९४३ पासून होते, २४०० मीटरची असते आणि बहुधा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीला धावते. त्या दिवशी टोप्या, सूट, कॅमेरे, सगळा थाट असतो. प्रवेशाचे दर चढलेले असतात आणि पॅडॉकच्या, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागेच्या, कठड्याला हात लावायलाही जागा मिळत नाही. माझं मत स्पष्ट आहे: आधी डिसेंबर-जानेवारीतला एखादा साधा दिवस बघा. डिसेंबरमध्ये १६०० मीटरच्या दोन्ही 'गिनी' शर्यती होतात, वन थाउजंड आणि टू थाउजंड, तीन वर्षांच्या घोड्यांच्या. १ जानेवारीला सगळ्या घोड्यांचं वय एका वर्षाने वाढतं आणि हीच बॅच चार वर्षांची होऊन डर्बीत उतरते. डिसेंबरमध्ये कुणाचा शेवटचा फर्लांग (साधारण दोनशे मीटर) कसा पडला ते तुम्ही पाहिलेलं असलं, की फेब्रुवारीत निदान चार घोडे ओळखीचे वाटतात.

जाताना लोकल बरी. पश्चिम रेल्वेवर महालक्ष्मीला उतरा आणि पश्चिमेला चालत सुटा. पूर्वेला उतरलात तर धोबीघाट दिसेल. मोठ्या शर्यतीच्या दिवशी हाजी अलीच्या सिग्नलला गाडी अडकली की पहिल्या दोन शर्यती गाडीतच ऐकाव्या लागतात. मैदानाच्या २११ एकरांपैकी १२० एकर सेंट्रल पार्कसाठी ठरली आहे आणि ९१ एकर क्लबकडे राहते, तेव्हा गेट आणि पार्किंग गेल्या वर्षी होतं तिथेच असेल असं धरून चालू नका. तिकीट कुठल्या एन्क्लोजरचं, म्हणजे प्रेक्षकांच्या कुठल्या भागाचं आहे आणि तिथे कपड्यांचा काय नियम आहे, हे आधी विचारून घ्या. मेंबर्सच्या बाजूला हाफपँट आणि चपला चालत नाहीत. दारावरच्या माणसाशी वाद घालून आजवर कुणी आत गेलेलं नाही.

पुस्तक न घेणं, घेतलं तर उलटं वाचणं

गेटवर रेसची पुस्तकं मिळतात. जुनी मंडळी सरळ 'कोल' मागतात. ते घ्या. मोबाइलवरची यादी बरी असते, पण पेन्सिलीने खुणा करायला कागदच लागतो.

पुस्तकात सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो नंबर आणि ड्रॉ यांचा. घोड्याचा नंबर खोगिराखालच्या कापडावर असतो आणि तिकीट त्याच नंबरचं काढायचं असतं. ड्रॉ म्हणजे सुटताना कितव्या गेटमधून सुटणार तो आकडा. दोन्ही जवळजवळ छापलेले असतात. खिडकीवर ड्रॉचा आकडा सांगून भलत्याच घोड्याचं तिकीट घेणारे दर रविवारी दिसतात. क्वचित तो भलताच घोडा जिंकतो, आणि मग त्या माणसाला आयुष्यभर कुणी समजावू शकत नाही.

नंतर वजन बघा. बहुतेक शर्यती हँडिकॅप असतात. ज्याचं रेटिंग वरचं त्याच्या पाठीवर वजन जास्त. वरचा घोडा साठ किलोच्या आसपास घेऊन पळतो, तळचा पन्नासच्या आसपास. म्हणजे 'मागच्या वेळी याने त्याला हरवलं' एवढं पुरत नाही. मागच्या वेळी दोघांच्या पाठीवर किती होतं आणि आज किती आहे ते ताडून बघावं लागतं. शिकाऊ जॉकीला वजनात सूट मिळते. ती धरूनही हिशेब करा, पण अटीतटीच्या शेवटी त्या पोराचा हात किती चालेल हेही मनात असू द्या.

अंतर तिसरं. १००० मीटरला वाऱ्यासारखा सुटणारा घोडा १६०० ला शेवटच्या दोनशे मीटरांत दमून थांबल्यासारखा दिसतो. पुस्तकातल्या मागच्या क्रमांकांशेजारी ती शर्यत किती मीटरची होती ते वाचा, नाहीतर त्या आकड्यांना अर्थ नाही.

एक बारीक गोष्ट. एकाच मालकाचे दोन घोडे एका शर्यतीत असले तर रेशमी सदरे सारखेच असतात, फरक टोपीत असतो. टोपीचा रंग आधी लक्षात ठेवला नाही, तर दुसऱ्याच घोड्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडाल.

पॅडॉक सोडून खिडकीशी घुटमळणं

शर्यतीआधी घोडे पॅडॉकमध्ये गोल फिरवतात. मोतद्दार लगाम धरून चालतो, मग जॉकी येतात, ट्रेनर दोन शब्द बोलतो आणि जॉकी वर चढतो. तिकिटाच्या पैशांत मिळणारी ही सगळ्यांत चांगली गोष्ट, आणि नेमकी तीच नवखे चुकवतात.

बघायचं काय? चाल आधी. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्या पुढे पडतोय का, लांब आणि सैल? मोतद्दाराला ओढावं लागतंय, की घोडाच त्याला ओढतोय? मागच्या मांड्यांच्या मधे पांढरा फेस आला असेल आणि कान मागे चिकटलेले असतील, तर तो शर्यतीआधीच अर्धी ताकद घालवून बसलाय. मार्चमधल्या मुंबईच्या दुपारी मात्र घाम सगळ्यांनाच येतो, तेव्हा नुसत्या ओल्या मानेवरून कुणाला बाद करू नका. इतरांपेक्षा वेगळं कोण दिसतंय, ते बघा.

पुण्यात पॅडॉकच्या कठड्याशी छत्री फटकन उघडू नका. तरुण घोडा त्या आवाजाने बिथरतो, मागच्या पायांवर उभा राहतो आणि मोतद्दाराच्या जिवाशी खेळ होतो. फ्लॅशचंही तेच. पुण्याला रेनकोट न्या, छत्री स्टँडमध्ये उघडा.

पुण्याच्या पावसाचा दुसरा परिणाम थेट निकालावर होतो. ट्रॅक किती मऊ आहे हे पेनेट्रोमीटरने मोजून आकडा जाहीर करतात. आकडा जितका जास्त, तितकी जमीन मऊ. मुंबईच्या कोरड्या हिरवळीवर चमकलेला घोडा ऑगस्टच्या चिखलात रुततो, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसलेला एखादा त्यातून मजेत पळतो. घोडा ओल्या ट्रॅकवर आधी कसा पळालाय ते पुस्तकात शोधा. जोरदार पाऊस झाला तर शर्यती पुढेही ढकलतात, म्हणून बाहेरगावाहून निघण्याआधी सकाळी एकदा खात्री करा.

खिडकीवरचे घोळ

क्रम पाठ करून जा: शर्यतीचा नंबर, विन की प्लेस, घोड्याचा नंबर, रक्कम. "तिसरी रेस, विन, पाच नंबर, शंभर." बस. तिकीट हातात आलं की तिथेच वाचा. रांगेतून बाहेर पडल्यावर दुरुस्ती होत नाही.

प्लेस म्हणजे 'पहिल्या तिनात आला की पैसे' असं सगळ्यांना वाटतं. घोडे कमी असतील तर फक्त पहिल्या दोघांनाच प्लेस मिळते. किती घोडे पळताहेत, ऐनवेळी कुणी बाद झालाय का, हे पाहून मगच प्लेस घ्या. फोरकास्टमध्ये पहिले दोन क्रमाने, क्विनेलात कुठल्याही क्रमाने, टनालात पहिले तिघे अचूक क्रमाने. जॅकपॉटचा आकडा बघून डोळे फिरतात, पण त्यात ओळीने पाच शर्यती जिंकणाऱ्यांची नावं सांगायची असतात. ज्याला अजून एकही धड सांगता येत नाही त्याने तिकडे वळू नये.

टोटचा, म्हणजे या खिडक्यांवरचा, भाव तिकीट घेताना दिसतो तो पक्का नसतो. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जातात, कपात होते आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. शर्यत सुटेपर्यंत भाव हलत राहतो. मैदानावरच्या बुकीकडे जो भाव घेतलात तो तुमचा. त्याच्या पाटीवर ८०/१०० दिसलं तर शंभर लावून ऐंशी सुटतात. शंभराचे एकशेऐंशी हातात येतात, ऐंशीचे शंभर नव्हेत.

आणि कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेसच्या बेटिंगवर जीएसटी ४० टक्के आहे. तो जिंकलेल्या पैशांवर नव्हे, लावलेल्या रकमेवर बसतो. जिंकलात तर त्यावर ३० टक्के आयकर आणि वर उपकर, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. हे गणित समोर ठेवून सांगतो, रेसमधून घर चालवण्याचा विचार सोडा. दिवसभराची रक्कम घरीच वेगळ्या पाकिटात ठेवा. पाकीट संपलं की पुढच्या शर्यती नुसत्या बघा.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलं. बायकोच्या वाढदिवसाची तारीख लावणाऱ्यांचा विचार त्यात बहुधा नसावा.

टिप, आणि फाडलेलं तिकीट

'तबेल्यातून पक्की बातमी आहे' हे वाक्य प्रत्येक शर्यतीआधी निदान पाच वेगवेगळ्या घोड्यांबद्दल ऐकू येतं. फोनवर भाव देणाऱ्या बाहेरच्या बुकीच्या वाटेला तर जाऊच नका. ते बेकायदा आहे, आणि जिंकलात तरी पैसे मागायला दार नसतं.

शर्यत संपताच तिकीट चुरगाळून फेकायची एक सवय असते. थांबा. जॉकींचं पुन्हा वजन होतं. कुणी वाटेत आडवा आला असेल तर ऑब्जेक्शन लागतं, स्टुअर्ड (शर्यतीवर नजर ठेवणारे अधिकारी) फिल्म बघतात आणि कधी पहिला-दुसरा बदलतो. फोटो फिनिशला तर बोर्डावर नंबर लागेपर्यंत काहीच खरं नसतं. निकाल पक्का झाल्याची घोषणा ऐका, मगच फेकायचं ते फेका. मग लोकांना जमिनीवर वाकून कागद उलटेसुलटे करताना बघायची वेळ तुमच्यावर येणार नाही.

शेवटच्या शर्यतीला दोन गोष्टी सांभाळा. दिवसभराचं भरून काढायला उरलेलं सगळं एका घोड्यावर लावू नका. आणि टॅक्सीसाठी गर्दीबरोबर धावू नका. पंधरा-वीस मिनिटं स्टँडमध्ये बसून चहा घ्या, तोवर स्टेशनकडची वाट मोकळी होते.