जुन्या सोन्याच्या खाणीचा दगड : ऐरोलीत बसून हे काम सुरू करणाऱ्यांसाठी

तुर्भे-नेरूळच्या दगडखाणी बघत मोठं झालेल्याला दगडाचा ढीग निरुपद्रवीच वाटतो. आपल्या बेसॉल्टपुरतं ते बरंचसं खरंही आहे, त्यात पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज, जवळपास नसतोच. कोलोरॅडोच्या डोंगरांत तसं नाही. तिथे सोन्याच्या शिरांसोबत पायराइट येतो. जुन्या खाणवाल्यांनी बिनकामाचा दगड बोगद्याच्या तोंडाशीच उतारावर लोटला, आणि हवा-पाणी लागून त्यातून आजही सल्फ्युरिक आम्ल गळतंय. सोबत जस्त, कॅडमियम, तांबं ओढ्यात.

अशा अमेरिकन साइटचा डेटा हाताळायला नवी मुंबईत ऐरोली-महापेत रुजू झाला असाल, तर नकाशे आणि पाण्याचे रिपोर्ट जमतील. अडकाल ते अ‍ॅसिड-बेस हिशोबात, म्हणजे दगड किती आम्ल बनवेल आणि किती मारेल यात. मला तो कळायला फार वेळ लागला, म्हणून इथे लांबण लावते.

सल्फाइड गंधक समजा 2 टक्के. गुणिले 31.25, म्हणजे टनामागे 62.5 किलो कॅल्शियम कार्बोनेट लागेल इतकं आम्ल; हा एपी, आम्ल बनवायची क्षमता. लॅबने एनपी, म्हणजे आम्ल मारायची क्षमता, दिलाय 80. शिल्लक 17.5, दगड सुरक्षित, पुढचा नमुना घ्या? थांबा. तो 80 आला कुठून? सोबेक पद्धतीत दगडाची पूड गरम हायड्रोक्लोरिक आम्लात टाकतात आणि किती आम्ल खर्ची पडलं ते टायट्रेशनने काढतात. पुडीत सिडेराइट, म्हणजे लोहाचं कार्बोनेट असेल, तर तेही आम्ल खातं आणि एनपी फुगतो. डोंगरावर मात्र त्यातलं लोह सुटतं, हवेने ऑक्सिडाइज होतं, हायड्रॉक्साइड बनून खाली बसतं आणि खाल्लेलं आम्ल परत सोडतं. वटणार नसलेला चेक जमेला धरल्यासारखं आहे हे. 80 पैकी 40 सिडेराइटचे निघाले तर शिल्लक उणे 22.5! म्हणून एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी दगडातली खनिजं ओळखणारी चाचणी, मागवा. सिडेराइट दिसला तर हायड्रोजन पेरॉक्साइड घालून केलेली सुधारित चाचणी मागा. बजेट नाही म्हणतील. तरी मागा.

आज पीएच 7 आहे यावरही विसंबू नका. कार्बोनेट संपेपर्यंत ढीग वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. ह्युमिडिटी सेलची चाचणी, म्हणजे दगडाला कोरडी-दमट हवा आणि पाणी देत त्यातून काय गळतं ते बघणं, 20 आठवडे किंवा जास्त चालते ती उगाच नाही.

सर्टिफिकेट कोर्सवर पैसे घालू नका, हे माझं ठाम मत. ‘टेम्प्लेटमध्ये आकडे भर’ म्हणणाऱ्या सिनियरपेक्षा एमआयडीसीतल्या लॅबमध्ये ब्युरेट धरणारे काका जास्त शिकवतील. दोन-चार शनिवार त्यांच्या शेजारी उभं राहायची परवानगी मागा, बहुतेक जण देतात.

उपायांची यादी बघून दडपू नका; चुना मिसळणं, ढीग एकत्र करणं, झाकणं, सगळं हळूहळू कळतं. आधी बघा, वरून येणारं स्वच्छ बर्फाचं पाणी ढिगात शिरण्याआधी वळवता येतंय का. आणि कोलोरॅडोतल्या डेन्व्हरच्या सकाळी नऊचा कॉल आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेआठला, हिवाळ्यात साडेनऊला येतो. त्या कॉलवर नुसती मान डोलावू नका. नमुना ढिगाच्या वरच्या थरातला की पोटातला, हे विचारा आणि उत्तर रिपोर्टात लिहा.