ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन: अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

ट्रॉम्सो नॉर्वेच्या उत्तरेला, तर लाँगइयरब्येन त्याच्याही वर, स्वालबार्डच्या बेटांवर. या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर सुमारे ९६० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षाही कमी. तरी हा साधा आकडा चुकवायला वाटा भरपूर आहेत.

सगळ्यात मोठी फसगत नकाशावर पट्टी ठेवल्याने होते. मर्केटर पद्धतीच्या जगाच्या नकाशावर विषुववृत्ताचं प्रमाण धरून हे अंतर मोजलंत, तर उत्तर येईल साडेतीन हजार किलोमीटर! रेखांशाचा एक अंश जमिनीवर विषुववृत्तापाशी १११ किलोमीटर भरतो, मुंबईच्या अक्षांशावर १०५ आणि लाँगइयरब्येनला जेमतेम २३. नकाशा मात्र तिन्ही ठिकाणी रुंदी सारखीच काढतो, आणि आकार बिघडू नये म्हणून उभाही तेवढाच ताणतो. म्हणून डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. अ‍ॅपमधलं अंतर मोजायचं साधन वापरा, ते पृथ्वीचा गोल धरून हिशेब करतं. त्यात नुसतं ‘स्वालबार्ड’ लिहू नका. तो अख्खा द्वीपसमूह आहे, मध्यबिंदू भलतीकडेच धरला जाईल. विमानतळांचे कोड टाका: टीओएस आणि एलवायआर.

उत्तर ५१८ आलं तर घाबरू नका, ते नॉटिकल मैल आहेत, म्हणजे विमान-जहाजांसाठी वापरलं जाणारं अंतराचं माप.

आता वेळ. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरून ९६० भागिले ८०० केलं की सव्वा तासाच्या आत उत्तर येतं, आणि वेळापत्रकात साधारण दीड ते पावणेदोन तास लिहिलेले दिसतात. वेळापत्रकातली वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं यात पूर्ण वेग मिळतच नाही, आणि अंतर जितकं कमी तितका हा वाटा मोठा. हिवाळ्यात पंखांवरचं बर्फ काढायला लागणारा वेळ वेगळाच.

घड्याळात फरक नाही. दोन्हीकडे ओस्लोचीच वेळ. गडबड तारखेची होते. मे-जूनमध्ये लाँगइयरब्येनला सूर्य मावळतच नाही, त्यामुळे रात्री साडेबाराचं विमान भर उजेडात सुटतं आणि माणूस एक दिवस उशिरा विमानतळावर पोहोचतो.

ओस्लोहून निघणाऱ्यांनी तिकीट नीट वाचावं. थेट विमानाला साधारण तीन तास. ट्रॉम्सोमार्गे असेल तर तिथे उतरून पासपोर्ट तपासणी करावी लागते, कारण स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहे. स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही हे खरं, पण त्या भरवशावर एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा घेऊ नका. परतताना तुम्ही शेंगेनमध्ये पुन्हा प्रवेश करता, तेव्हा भारतीय पासपोर्टवर किमान दोन प्रवेशांचा व्हिसा हवा.

धुकं आलं तर विमान लाँगइयरब्येनच्या डोक्यावरूनही परत फिरू शकतं. त्यामुळे पुढच्या विमानाला दोन तासांचं अंतर ठेवणं मला तरी जुगार वाटतो. एक रात्र मोकळी ठेवा.

आणि रस्त्याचं अंतर शोधू नका. गोव्यातल्या ध्रुवीय संशोधन केंद्राचं ‘हिमाद्री’ हे संशोधन स्थानक २००८ पासून स्वालबार्डमधल्याच न्यू-ऑलेसुंडला आहे. लाँगइयरब्येनहून ते हवाई मार्गाने जेमतेम ११० किलोमीटर, पण मध्ये रस्ताच नाही. तिथे जातं ते छोटं विमान, नाहीतर बोट.